सिमिओनची खाट

वार्वाराबाई छत्री विसरतात, हे आमच्या अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. अनाथालयातलं मूल घरी द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात असतं, म्हणून त्या घर बघायला येतात. चूल बघतात, खाट बघतात, तळघरात वाकून बटाटे बघतात, गोड बोलून निघतात आणि छत्री दारामागे ठेवून जातात. थोड्या वेळानं गाडी परत येते. "अगं बाई, छत्री राहिली." तेवढ्यात शेजाऱ्यांकडून मागून आणलेले गालिचे कुंपणावरून परत निघालेले असतात. येफ्रोसिनियाचा तर त्यांनी फ्रिज पकडला, दोन माणसांच्या खांद्यावर, भर रस्त्यात. तिचा नातू अजून अनाथालयातच आहे.

म्हणून मी स्नेजानाला पहिल्यापासून बजावत होते की उसनं काही आणायचं नाही. थोडं असू दे, पण तुझं असू दे.

मी पाराशा. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या लोणच्यांच्या कारखान्यात आमचं गोदाम आहे. परदेशातून दानाचं सामान येतं, ते मी उतरवून घेते, निवडते, वाटते. वर्षाकाठी दोन-तीनदा मोठी गाडी येते आणि आत छतापर्यंत केळ्यांची खोकी. केळी नसतात. तिकडचे लोक जुने कपडे केळ्यांच्या खोक्यांत भरतात, कारण ती मजबूत असतात आणि फुकट मिळतात. मोल्दोवातल्या आमच्या पोरांना केळं माहीत होण्याआधी केळ्याचं खोकं माहीत होतं. देणाऱ्यांचा हात मोठा, डोळे मात्र कधीकधी मिटलेले. थंडीच्या तोंडावर पोहण्याचे पोशाख येतात, एकाच पायाचा बर्फातला बूट येतो. पण त्यातूनच ब्लँकेटं निघतात, लहानग्यांचे कोट, भांडी, गाद्या. नवरा रशियात कामाला जाऊन तिकडचाच झाला अशा बाया येतात, पेन्शनीत लाकूड परवडत नाही असे म्हातारे येतात. आणि वय भरलं म्हणून अनाथालयानं बाहेर काढलेली पोरं येतात, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन.

स्नेजाना तशीच आली होती. आता वीस वर्षांची आहे, शहरातल्या बेकरीत पाव भाजते. गावाच्या टोकाला तिच्या आजीचं मातीचं घर ओस पडलं होतं, ते आम्ही दोन उन्हाळे खपून उभं केलं. कारण तिची नऊ वर्षांची बहीण डोरिना अजून आत होती, आणि अनाथालय बंद व्हायचं होतं. ज्या पोरांना घर आहे ती घरी, उरलेली देशाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेतल्या मोठ्या अनाथालयात. तिथून रविवारी भेटायला येणं-जाणं बेकरीतल्या पोरीच्या नशिबात नाही. शुक्रवारी सकाळी वार्वाराबाई घर बघणार होत्या. घर पसंत पडलं तर डोरिना येणार, नाही तर उत्तरेच्या गाडीत बसणार.

मी तिला गोदामातून एकदाच मिळतं ते सगळं दिलं होतं. लोखंडी घडीची खाट, गादी, दोन जाड ब्लँकेटं, उशा, विजेचा हीटर, भांडी, डोरिनाच्या मापाचा लाल कोट. सगळं निवडून, आपल्या लेकीला द्यावं तसं. मला लेक नाही ही गोष्ट वेगळी.

गुरुवारी दुपारी मी पडदे घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. तिला कडी घालायची सवयच नाही, अनाथालयात कडी नसते. आत गेले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. टेबल होतं, एक खुर्ची होती, चूल पेटलेली होती. बाकी खोली घासलेल्या पातेल्यासारखी रिकामी. खिळ्याला तेवढा लाल कोट.

"चोर आले होते का गं?"

"नाही मावशी," स्नेजाना म्हणाली. "लिउदा आली होती."

लिउदा म्हणजे तिच्याबरोबर अनाथालयात वाढलेली. तिला बाळ झालं होतं आणि दवाखान्यातून सोडलं होतं, ते सरळ रिकाम्या खोलीत. म्हणून गादी लिउदाला गेली. हीटरही गेला, बाळाला थंडी वाजते म्हणून. खाट मारीन नावाच्या पोरानं नेली, ते तिघं एका खोलीत फरशीवर झोपतात म्हणे. ब्लँकेटं आणि उशा दोन मुलींनी नेल्या, त्या मॉस्कोला कामाला निघाल्या होत्या, बसमध्ये दोन रात्री काढायच्या होत्या. हे सगळं ती मला हिशेब दिल्यासारखं नाही, बातमी दिल्यासारखं सांगत होती.

"त्यांच्याकडे काहीच नव्हतं, मावशी."

"आणि तुझ्याकडे?"

"माझ्याकडे होतं ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या कोण येणार आहे ते माहीत होतं का, असं विचारलं. माहीत होतं. मग त्यांना काय दाखवणार होतीस? चूल आहे, टेबल आहे, ती म्हणाली, आणि बाकीचं होतं असं सांगणार होते. होतं असं सांगणार होती. मी तिला वाट्टेल ते बोलले. तुझी अक्कल अनाथालयातच ठेवून आलीस का, म्हटलं. लोकांची पोरं निजवायला निघालीस आणि स्वतःची बहीण उघड्यावर टाकलीस, म्हटलं. ती मान खाली घालून ऐकत होती. बोलणी खाण्यात ती पोरं तरबेज असतात, अंगाला लावून घेत नाहीत, त्यामुळे मला आणखीच चेव येत होता.

"मग हा का ठेवलास?" मी कोट ओढून काढला. "बाळाला पांघरायला झाला असता की. दे, हाही दे."

तिनं कोट माझ्या हातून काढून घेतला. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत राग दिसला.

"तो डोरिनाचा आहे. दुसऱ्याची वस्तू मी कशी देणार?"

तेव्हा रागाच्या भरात मी हे नीट ऐकलं नाही. दार आपटून निघाले ते सरळ शेजारच्या इलारिओनकाकांच्या घोडागाडीत बसले. ते शहराकडे गिरणीवर निघाले होते. म्हटलं, निदान गादी आणि हीटर परत आणते. दिलेलं मागायला लाज वाटते खरी, पण डोरिनाचा प्रश्न होता. वाटेत काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं, चांगलं कडक.

लिउदाची खोली साखर कारखान्याच्या जुन्या वसतिगृहात. भिंतींना ओल, खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा. मी दिलेली गादी कोपऱ्यात, हीटर लाल होऊन शेजारी, आणि गादीवर मधोमध एवढंसं बाळ, मुठी वळून झोपलेलं. लिउदानं मला ओळखलं. मी काही बोलायच्या आत तिनं बाळाला उचललं, खांद्यावर टाकलं आणि एका हातानं गादीची गुंडाळी करायला लागली.

"स्नेजानाचं न्यायला आलात ना? न्या मावशी. मला वाटलंच होतं तिला लागेल म्हणून."

तिच्या आवाजात जराही कुरकुर नव्हती. आलेली वस्तू जाते, एवढंच त्या पोरांना ठाऊक. मी म्हटलं, खाली ठेव ती गादी, मी बाळ बघायला आलेय. मग बाळ बघितलं. परत येताना माझ्या अंगावरची लोकरी शाल तिथेच राहिली. ती कशी राहिली ते मला विचारू नका, आत्ताच त्या पोरीला अक्कल शिकवून आले होते.

गोदाम उघडून बघितलं. तिथं पोहण्याचे पोशाख होते आणि तो एका पायाचा बूट होता. नवी गाडी सरहद्दीवर कसल्याशा शिक्क्यासाठी अडकून पडली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इलारिओनकाका म्हणाले, माझी खाट देतो, उद्या दुपारी परत आणू. मी नुसतं "छत्री" म्हटलं. त्यांनी लगाम उचलला.

घरी आले तर दिवेलागण झाली होती. पाहुण्यांच्या खोलीत खाट होती.

ही खाट माझी नव्हे. सिमिओनची. माझा नवरा सिमिओन गेल्या वर्षी याच महिन्यात गेला, आणि येत्या रविवारी त्याचं वर्ष. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं वस्तू देतात, त्याला पोमाना म्हणतात. ज्याची ऐपत नसेल तो पाव आणि मेणबत्ती देतो, ज्याची असेल तो खाट देतो, गादी-उशी-ब्लँकेटासकट. इथं घेणारा त्या खाटेवर झोपला की तिकडे आपलं माणूस झोपतं. वस्तू कोरी लागते. गोदामातलं जुनं चालत नाही, मेलेल्याला परक्याच्या अंगावरून उतरलेलं नको असतं. सिमिओन ताडासारखा उंच होता, आयुष्यभर त्याचे पाय खाटेबाहेर लोंबकळले. म्हणून मी सुताराला मुद्दाम वीतभर लांब खाट करायला सांगितली होती. लोकरीची गादी भरून घेतली होती, ब्लँकेट स्वतः मागावर विणलं होतं. वर्षभरात तो दोनदा माझ्या स्वप्नात आला, दोन्ही वेळा उभाच होता. त्या रविवारची मी किती वाट बघत होते ते माझं मला माहीत.

आणि ती कुणाला द्यायची तेही ठरलं होतं. माझी नणंद आगाफिया, तिच्या लेकाला, वासिलेला. लग्न ठरलंय त्याचं. मेलेल्याचं देणं रक्ताच्या माणसाला जावं, असं आगाफियाचं म्हणणं, आणि मी हो म्हणून बसले होते.

मी खाटेच्या कडेला टेकले आणि त्या पोरीवर पुन्हा एकदा मनातल्या मनात ओरडले. जे हातात येईल ते वाटून टाकते. तिला काहीही दिलं तरी ते तिचं होतच नाही, कारण तिचं असं कधी काही नव्हतंच. अंगावरची चड्डीसुद्धा धुवायला गेली की परत येताना दुसऱ्या कुणाची यायची. एक कोट तेवढा राहिला. दुसऱ्याची वस्तू मी कशी देणार.

तेव्हा मला ते ऐकू आलं, दुपारी ऐकायला हवं होतं ते. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. तिनं ही खाट दिली, एखाद्या लिउदाला, एखाद्या मारीनला, तर माझा माणूस तिकडे उठवला जाणार होता. वर्षभर उभा राहिलेला माणूस.

मग मी पाद्रीबाबांकडे गेले आणि विचारलं, रविवारच्या आधी चालेल का. ते जेवत होते, मामालीगाचा, मक्याच्या घट्ट लापशीचा, घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "उशीर चालत नाही, पाराशा. लवकर चालतं. वाट बघणाऱ्याला लवकर मिळाल्याचं कसलं दुःख?"

सकाळी धुकं इतकं होतं की इलारिओनकाकांचा घोडा आधी ऐकू आला, मग दिसला. पाद्रीबाबा रबरी बूट घालून आले, अंगणात धूप फिरवला, प्रार्थना म्हटली. आम्ही खाट गाडीवर चढवत होतो तेवढ्यात आगाफिया आली. तिला कुणी सांगितलं देव जाणे, आमच्या गावात कोंबडीनं अंडं दिलं तरी घरोघर कळतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या भावाला तू त्या पोरीच्या भरवशावर सोडणार? जिच्या हातात कालची गादी आज टिकत नाही?"

ती खरं बोलत होती. वासिलेच्या घरी खाट निदान भिंतीला टेकून राहिली असती, ती म्हणाली.

"राहिली असती," इलारिओनकाका गाडीवरून म्हणाले, "आणि सिमिओनच्या उरावर वासिलेच्या दारूच्या बाटल्या."

आगाफियानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "ती खाट त्या घरातून हलली, तर तू माझ्या दारात यायचं नाहीस." मग डोक्याचा रुमाल घट्ट बांधून गेली. मी गाडीत बसले.

स्नेजानानं घर झाडून ठेवलं होतं. रिकामं घर झाडायला किती वेळ लागतो. आम्ही खाट चुलीजवळच्या भिंतीला लावली, गादी घातली, ब्लँकेट पसरलं. तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"दुपारी परत न्यायची का?"

"नाही. ही राहायला आलीय."

मी टेबलावर पाव ठेवला, त्यात मेणबत्ती खोचून पेटवली आणि तिला समोर उभं केलं. सगळं सांगितलं. अनाथालयात हे कोण शिकवणार. सांगितलं की ही खाट तुझी नाही, माझ्या सिमिओनची आहे. इथं डोरिनाला झोपवलंस तरी चालतं, तिकडे तो हिच्यावर झोपणार, पण कुठवर? ती इथं जागेवर आहे तोवर. "तू ही कुणाला दिलीस ना स्नेजाना, तर माझा माणूस जमिनीवर येईल. कुणीही आलं, बाळ घेऊन आलं, रडत आलं, तरी."

ती मागे सरकली ती पाठ भिंतीला लागेपर्यंत.

"मग मला नको, मावशी."

"का?"

"माझ्याकडे काही राहत नाही."

बाहेर लांबवर गाडीचा आवाज झाला आणि विरला. दूधवाल्याची असावी. मेणबत्ती वितळून पावावर ओघळत होती. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

"कोट राहिला ना?" मी म्हटलं.

"तो डोरिनाचा आहे."

"मग ही सिमिओनची आहे."

ती खाटेकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, ती त्या कोटाशेजारी खाट ठेवून बघत होती. मग पुढे आली आणि दोन्ही हातांनी पाव घेतला.

"धन्यवाद," ती म्हणाली.

"धन्यवाद नाही," मी किंचाळलेच. "धन्यवाद मला पोचतात. त्याला काय मिळणार? बोगदाप्रोस्ते म्हण. म्हणजे देवानं त्याला क्षमा करावी."

"बोगदाप्रोस्ते," ती म्हणाली, आणि मग कुणी न सांगता खाटेकडे वळून, "सिमिओनकाका."

वार्वाराबाई आल्या तेव्हा मेणबत्तीचा वास अजून घरात होता. बरोबर फोटो काढणारा एक तरुण होता. बाईंनी बूट पुसले, छत्री दारामागे उभी केली आणि हातमोजे काढले. मी चुलीपाशी होते, माझा डोळा छत्रीवर. बाईंनी चूल बघितली, चुलीला लागून असलेल्या मातीच्या उबदार ओट्यावर हात ठेवून बघितला. मी इथं झोपते, स्नेजाना म्हणाली. तळघरातले बटाटे बघितले, कोबीचं लोणचं बघितलं. मग खाटेपाशी आल्या आणि थांबल्या.

"चांगली आहे. कोरी दिसते." त्यांनी ब्लँकेट दोन बोटांनी उचलून बघितलं. "गोदामातून तुला काय काय मिळालं होतं गं?"

आणि त्या पोरीनं सगळं सांगितलं. घडीची खाट, गादी, ब्लँकेटं, उशा, हीटर. एकही वस्तू गाळली नाही.

"कुठाय ते?"

"दिलं."

कुणाकुणाला तेही सांगितलं. मी चुलीत लाकूड सारलं, काही गरज नव्हती तरी. तो तरुण फोटो काढायचा थांबला. वार्वाराबाई खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे मी तुला बहीण द्यायची," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि परवा कुणी येऊन म्हणेल, मला बहीण नाही. मग?"

फार लागेल असं बोलल्या. मला वाटलं, आता ही रडणार आणि संपलं. पण स्नेजानानं तो प्रश्न खराच धरला आणि विचार करून उत्तर दिलं.

"डोरिना माझी नाही. डोरिना डोरिनाची आहे. दुसऱ्याचं मी देत नाही."

"आणि ही खाट? ही कुणाची? उसनी?"

"सिमिओनकाकांची."

"ते कोण?"

"पाराशामावशींचे यजमान. ते वारलेत. ते तिकडे झोपतात, मी इकडे सांभाळते. मी दिली तर ते जमिनीवर येतील." ती थांबली. "डोरिनाला हिच्यावर झोपवलं तर चालतं, मावशींनी सांगितलंय."

बाईंचा हात खाटेच्या दांडीवर होता, तो त्यांनी काढून घेतला. बसल्या जागी सरळ झाल्या. त्या शहरात राहतात, कार्यालयात बसतात, पण आई-बाप त्यांचेही इथल्याच मातीत पुरलेले आहेत.

"बोगदाप्रोस्ते म्हणालीस?"

"म्हणाले. आधी धन्यवाद म्हणाले, मग मावशी ओरडल्या."

तो तरुण हसला आणि बाईंकडे बघून पुन्हा फोटो काढायला लागला. वार्वाराबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे वळल्या.

"पाराशा, तुझ्या माणसाची?"

"हो."

"वर्ष झालं?"

"रविवारी होतंय."

एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही, पण त्या वेळी वाटत होतं, एक शब्द वेडावाकडा पडला तर पोर उत्तरेला जाईल आणि सिमिओन जमिनीवर.

"अशी खाट उसनी मिळत नाही," वार्वाराबाई म्हणाल्या. आमच्यापैकी कुणालाच नाही, तशाच म्हणाल्या. मग उठल्या, हातमोजे चढवले, दारापर्यंत गेल्या, उंबरा ओलांडला. छत्री दारामागेच होती. येणार, मला वाटलं, परत येणार, बघणार.

त्या दोन पावलांवरून मागे वळल्या, आत हात घातला आणि छत्री काढून मनगटाला अडकवली.

"पाऊस येईलसं दिसतंय," त्या म्हणाल्या. गाडी धुक्यात गेली आणि पुन्हा आली नाही. दुपारपर्यंत मी खिडकीतून हलले नव्हते, म्हणून सांगते.

रविवारी सिमिओनचं वर्ष झालं. आगाफिया चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहिली नाही. ती अजून रोज काही ना काही निमित्त काढून स्नेजानाच्या घरावरून जाते आणि खिडकीतून आत बघते, खाट आहे का म्हणून. बघू दे. तिचा भाऊ आहे.

नाताळाच्या आधी डोरिना आली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मी प्लाचिंता, म्हणजे आमची भोपळा भरलेली पोळी, भाजून गरम गरम नेली होती. पोर खाऊन झाल्यावर घरभर फिरली, लाल कोट अंगात घालून, तो काढेचना. मग खाटेपाशी गेली. स्नेजानानं तिला सगळं सांगून ठेवलं असावं. बूट काढून ती वर चढली आणि अगदी कडेला आडवी झाली, हात अंगाशी घट्ट, जरा हलली असती तर खाली पडली असती.

"अगं मधे झोप ना," स्नेजाना म्हणाली.

"मधे काका आहेत."

सिमिओनला पुरलं तेव्हा मी रडले नव्हते. लोकांनी मला त्यावरून नावं ठेवली होती. त्या दुपारी मात्र मला चुलीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. आम्हाला पोरं झाली नाहीत, आणि त्याला पोरांचं किती वेड होतं ते गावाला माहीत नाही, मला माहीत आहे.

"सरक आत," मी तिकडे न बघताच म्हटलं. "तो लांब होता, रुंद नव्हता."

ती जराशी सरकली.

"एवढं?"

"अजून थोडं."

ती अजून थोडी सरकली, आणि उरलेली जागा तिनं त्याच्यासाठी ठेवली.